कोशांचा गंज आणि लुकलुकता दिवा

आरमोरीला आमच्या गल्लीत हिवाळ्याच्या सकाळी दोन वास एकमेकांत मिसळलेले असत. एक दवाने भिजलेल्या धानाच्या तणसाचा आणि दुसरा शिजणाऱ्या कोशांचा. दुसऱ्याचे वर्णन करणे अवघड आहे. राखेच्या पाण्याचा नाकाच्या मुळाशी चढणारा उग्रपणा, त्याखाली ओल्या घोंगडीसारखे काहीतरी उबदार, आणि अगदी तळाशी, ज्याविषयी कोणी बोलत नसे, तो आत निजलेल्या किड्याचा मांसल वास. मला तो आवडत असे. आजही कुठे राखेवर गरम पाणी ओतले गेले की मी क्षणभर त्या गल्लीत जाऊन येते.

कोसे जंगलातून टोपल्यांनी येत. ऐनाच्या झाडांवर वाढलेले, कबुतराच्या अंड्याएवढे, राखाडी-पिवळे, आणि इतके टणक की नखाने वाजवावेत. त्यांतून रेशीम काढायचे तर आधी राखेच्या पाण्यात शिजवणे भाग असे. शिजणे कमी पडले तर धागा सुटत नाही, ओढताच तुटतो; जास्त झाले तर कोसा लगद्यासारखा बसतो आणि त्यातला धागा वेगळा करता येत नाही. या दोहोंमधली जागा फार अरुंद होती. ती नेमकी सापडलेली बाई आमच्या गल्लीत एकच होती, माझी आत्या.

ती वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कपाळ पुसून माहेरी आली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. एरवी ती घरातली शेवटी जेवणारी, शेवटी निजणारी, कोणाच्या लग्नात पुढे न जाणारी बाई होती. पण आठवड्यातून एकदा गल्लीतल्या सहा-सात घरचे कोसे तिच्या गंजात पडत. गंज म्हणजे आमच्याकडचे मोठे पातेले. तिचा तांब्याचा होता आणि त्याचा काठ चुलीच्या धुराने निळसर झाला होता. त्या सकाळी सारी गल्ली तिच्याभोवती बसे. ती बोट वर करी तेव्हा बाया गप्प होत. त्या एका सकाळच्या बळावर ती उरलेले सहा दिवस जगत असे, हे मला तेव्हाही अंधुकपणे कळत होते.

शिजवण्याचे तिचे माप म्हणजे एक गाणे. उकळी फुटली की ती सुरू करी. माहेरी निघालेल्या एका बाईचे ते गाणे होते. प्रत्येक कडव्यात ती एक नाला ओलांडते आणि प्रत्येक नाल्याच्या काठावर कोणीतरी तिला अडवून विचारते, कोणाची तू, कुठे चाललीस. असे एकवीस नाले. बाया शेवटची ओळ झेलत. एकविसावा नाला सरून माहेरचे दार दिसले की गंज उतरे, आणि कोसे नेहमी बरोबर झालेले असत.

मी नववीत होते त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आत्याला मोठा ताप आला. तो उतरला, पण जाताना तिचा आवाज घेऊन गेला. गळ्यातून जे निघे ते सुकी पाने पायाखाली यावीत तसे. कान तिच्या ओठांशी नेल्याशिवाय शब्द कळत नसे.

बरी झाल्यावरचा पहिला गंज तिने मनातल्या मनात गाऊन शिजवायला घेतला. पण गाणे कानावर नव्हते, म्हणून बायांनी गप्पा सुरू केल्या. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली. त्या गलबल्यात आत्या आठव्या की नवव्या नाल्यावर वाट चुकली आणि गंज अंदाजाने उतरवला. अर्धे कोसे कच्चे निघाले. पुढच्या खेपेस गायला मी बसले. शाळेत कविता म्हणण्यात माझा हात धरणारे कोणी नव्हते. मी एकवीसच्या एकवीस कडवी न अडखळता, सुरात, एका ओघात म्हटली, आणि सगळेच कोसे कच्चे राहिले. कोणालाच कारण उमगेना. कडवी तीच होती, चाल तीच होती.

शेजारच्या काकूंच्या मुलीचे लग्न माघात ठरले होते आणि त्यांना लग्नाच्या लुगड्यासाठी कोशाचे सूत हवे होते. त्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, आधी तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या हाताले मी नाव नाई ठेवत. पण गळा गेला म्हणजे गंजाचा अंदाजही गेला ना. एक-दोन खेपा माझ्या घरी चूल मांडून पाहू म्हणते."

आत्याने गंज घासायला घेतला. आधीच लखलखीत असलेला तो गंज ती चिंच लावून किती वेळ घासत होती ते मी पाहिले, आणि वडिलांनीही पाहिले.

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आणि ग्रामपंचायतीचा रेडिओ सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. गावात वीज नव्हती. रेडिओ विटेहून मोठ्या, मेणकापडाचा वास येणाऱ्या कोरड्या बॅटरीवर चाले. त्यांना या विद्येचा खरा नाद होता. नागपूरला गेले की दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात आलेल्या सामानाच्या ढिगात ते तासन् तास रमत आणि परतताना खिशातून बारीकसारीक वस्तू निघत: रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स, मेणात बुडवलेले कंडेन्सर, आणि बोराच्या बीएवढे काचेचे दिवे, ज्यांच्यात तार नसून नुसता वायू भरलेला असे.

त्यांनी प्रथम शाळेचे गजराचे घड्याळ पुढे केले. आत्याने ते कानाशी धरून ऐकले, परत दिले आणि कुजबुजली, "हे किती वाजले थे सांगते. किती शिजलं थे नाई सांगत." शिवाय काटे तिला वाचता येत नव्हते, आणि ते शिकण्याचे वय आपले नाही असे तिचे ठाम मत होते. तेव्हा वडिलांनी ठरवले की तिला मोजता येईल असे काहीतरी बनवायचे.

ते त्यांनी एका चहाच्या पत्र्याच्या डब्यात बनवले. मी शेजारी बसून तारांची टोके चाकूने खरवडून देत होते. तापलेल्या रांगोट्याचा आणि राळेचा वास मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. रांगोटे म्हणजे डाग द्यायचे कथील. काम करता करता वडील मला ती मांडणी समजावत होते. त्यांनी जो दाखला दिला त्याहून चांगला मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

उन्हाळ्यात नदी आटली की बाया वाळूत झिरा खणतात. खड्ड्यात पाणी हळूहळू पाझरून येते. "हा कंडेन्सर म्हणजे झिरा," ते म्हणाले. रेझिस्टन्स म्हणजे मधली वाळू. वाळू जितकी दाट, तितके पाणी उशिरा. बॅटरी म्हणजे पलीकडचे नदीचे पाणी. आणि काचेचा दिवा म्हणजे झिऱ्याच्या काठी घागर घेऊन बसलेली बाई. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत आले की ती उठते, भराभर उपसते आणि पुन्हा बसते. दिव्यातला वायूही तसाच. सत्तरएक व्होल्ट साठेपर्यंत तो मुकाट असतो; तेवढे झाले की एकदम पेटतो, कंडेन्सरमधले बरेचसे पिऊन टाकतो आणि विझतो. मग झिरा पुन्हा भरू लागतो.

झिरा रिकामा असताना पाणी धावत येते आणि पातळी नदीच्या जवळ पोचली की पाझर मंदावतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. मी मान डोलावली होती. त्या वाक्यात पुढची सगळी गोष्ट दडलेली आहे हे आम्हा दोघांनाही कळले नाही.

बॅटरी पंचायतीच्या रेडिओची टाकलेली होती. त्या बॅटरीची दोन पोटे असत. एक रेडिओतल्या नळ्या तापवण्यासाठीचे, ते लवकर संपे. दुसरे मोठ्या दाबाचे, त्यात बरेच उरलेले असे. बॅटरी फेकणे म्हणजे अर्धी ताजी भाजी फेकणे, असे वडिलांना वाटे. त्यांनी त्या उरलेल्या पोटाला तारा जोडल्या, आणि डब्याच्या भोकातून नारिंगी ठिणगी डोकावली. दहा आकडे मोजावेत तोवर पुन्हा डोकावली. आत्या पुढे झुकून पाहत राहिली. अंधारलेल्या स्वयंपाकघरात तो दिवा कोणीतरी झोपेत पापणी उघडावी तसा उघडमीट करत होता.

तीन लहान गंजांवर प्रयोग करून वडिलांनी माप ठरवले: शंभर लुकलुकी. प्रत्येक लुकलुकीला एक चिंचोका या टोपलीतून त्या टोपलीत. मोजणारी मी. आत्याला जागेवरून दिसावा म्हणून डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला.

मार्गशीर्ष सगळा उत्तम गेला. काकूंचे चूल मांडण्याचे बोलणे मागे पडले. बाया दिव्याला पाहायला म्हणून लवकर येत. एकीने त्याला हळदकुंकू वाहण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा वडील कसनुसे हसले. आत्या पुन्हा बोट वर करू लागली आणि बाया पुन्हा गप्प होऊ लागल्या. तरीही ती दिव्याकडे पाही तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला एक परकेपणा दिसे, जणू आपल्याच स्वयंपाकघरात तिला कोणी पाहुणी म्हणून बसवले होते.

पौषात काकूंच्या मुलीच्या लग्नाचे निम्मे कोसे गंजात पडले. त्या सकाळी दाट धुके होते, तणसावर पांढरे दव होते, पण चूल छान पेटली होती. मी चिंचोके टाकत होते. मधे मला वाटून गेले की दिवा आज जरा आळसावला आहे. पण दिवा आळसावत नाही, माणसे आळसावतात, असे मला शाळेने शिकवले होते. ब्याऐंशी झाले असतील. आत्याने मान वर केली आणि हवा हुंगली. तिच्या नाकपुड्या थरथरल्या. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजली, "झालं."

मी टोपली दाखवली. "आत्या, अठरा चिंचोके राह्यले अजून."

ती गंजाकडे पाहत राहिली, मग दिव्याकडे, मग पुढ्यात बसलेल्या काकूंकडे. दोन महिन्यांपूर्वीची आत्या माझ्या हाताला झटका देऊन गंज उतरवती. पण तिच्या अंदाजाने एकदा दगा दिला होता आणि दिव्याने एकदाही दिला नव्हता. तिने हात मागे घेतला. मी एकेक करून अठरा चिंचोके टाकले, आणि इतका वेळ लागला की शेवटी शेवटी माझे डोळे दुखू लागले.

गंज उपसला तेव्हा कोसे बोटांत बसत होते. काकूंनी एक उचलला, टोक शोधले, ओढले. धाग्याऐवजी कापसासारखा पुंजका हातात आला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, याचं जाडं सूत कातून घेऊ, थंडीच्या पासोडीले होईल. आणि टोपली डोक्यावर घेताना सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या की पुढच्या आठवड्यापासून गंज त्यांच्याकडे. कोणीच हरकत घेतली नाही.

संध्याकाळी वडिलांनी डबा उघडला. पंचायतीचा व्होल्टमापक आणून बॅटरी मोजली. नव्वदच्या जवळची ती पंचाहत्तरवर आली होती. चुलीवरच्या फळीच्या उबेने तिचे उरलेसुरले आयुष्य झपाट्याने सुकवले होते. दिव्याची पेटण्याची खूण मात्र तिथेच होती. नदी ओसरली होती आणि बाई तीच खूण धरून बसली होती. शेवटचे बोटभर पाणी पाझरायला दुप्पट वेळ लागत होता. आठवड्याआठवड्याने लुकलुक ताणली जात होती. ओल्या लाकडाच्या मंद विस्तवावर सुरुवातीला ते खपून गेले, आणि त्या दिवशी विस्तव चांगला होता.

"दिवा खोटा नाई बोलला, बाई," वडील म्हणाले. "त्याची बॅटरी म्हातारी झाली."

आत्या किती दिवसांनी हसली. कुजबुजीचे हसणे, खांद्यांतच दिसणारे. "बॅटरी म्हातारी झाली म्हणते. अन् मी काय तरणी राह्यली का?"

वडील नवी बॅटरी आणायचे म्हणू लागले. तिने हाताने नको म्हटले.

दुसऱ्या दिवशी घरच्या मूठभर उरलेल्या कोशांसाठी तिने एकटीने लहान गंज चढवला. मी दाराशी बसले होते. अपराधी माणूस जसे नको तितके लक्ष देतो, तशी मी तिला निरखत होते. तिचे ओठ हलत नव्हते, पण उजव्या हाताचे बोट गुडघ्यावर ताल धरून होते, आणि मी तो ताल ओळखला. तिसरा नाला. चौथा. लाकडे दवाने भिजलेली. जाळ बसू लागला. तिने फुंकणी उचलली, गालफडे भरून फुंकले, दोनदा, तीनदा. तेवढा वेळ बोट थांबले. जाळ उठला, फुंकणी खाली आली, आणि बोट जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू लागले.

मी धावत जाऊन शाळेचे घड्याळ आणले. त्या दिवशी तिच्या एकवीस नाल्यांना सव्वीस मिनिटे लागली. तिसऱ्या दिवशी सुकी लाकडे घेऊन तिला पुन्हा बसवले, तेव्हा अठरा. दोन्ही वेळचे कोसे हातात घेतले. धागा दोन्हींतून सुटला.

वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी चुलीजवळची फुंकणी उचलून पाहिली. मग म्हणाले, "एकच दम आहे. जाळालेही तोच अन् गाण्यालेही तोच." ओल्या लाकडाला जास्त फुंकावे लागे म्हणून गाणे लांबे, आणि ओल्या लाकडावर शिजायलाही तेवढाच जास्त वेळ लागे. मी फुंकणी न धरता एका ओघात गायले होते, म्हणून माझे कोसे कच्चे राहिले. आमच्या डब्याने चुलीशी काहीच नाते ठेवले नव्हते, आणि आपल्या बॅटरीशीही नाही.

पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यानंतर, त्यांचा नाद माझ्याकडे आला. विजेच्या हौशी कामांच्या एका मासिकासोबत मी वेळ मोजणारी आठ पायांची काळी चिप मागवली, जिला सगळे तीन पाचांच्या आकड्याने ओळखतात. तिचे काम समजून घेताना मी ज्या ओळीवर थांबले, तिथे बराच वेळ पुढचे पान उलटू शकले नाही. त्या चिपमध्ये तीन सारखे रेझिस्टन्स एकापुढे एक बसवलेले असतात आणि ते बॅटरीच्या दाबाचे तीन समान वाटे करतात. झिरा बाहेरच असतो, आपण जोडलेला, वाळूही आपलीच. आत दोन राखणदार बसतात. पाणी दोन वाट्यांवर चढले की एक जण "पुरे" म्हणतो. आतली कळ फिरते आणि उपसण्याची वाट मोकळी होते. ते एका वाट्यावर उतरले की दुसरा "भरा" म्हणतो. कळ उलटी फिरते, वाट बंद होते, पाझर पुन्हा सुरू. पण खुणा काठावर कायमच्या कोरलेल्या नसतात. त्या नदीच्याच पाण्यातून मोजलेल्या असतात. नदी ओसरली की खुणाही तितक्याच खाली येतात, म्हणून बॅटरी नवी असो की थकलेली, भरण्याचा वेळ जवळपास तोच राहतो. हे शोधणाऱ्या माणसाने चुलीवर कधी कोसे शिजवले नसावेत. मला मात्र त्या आकृतीत फुंकणीचा धूर दिसला.

पण त्या पौषात आमच्याजवळ असे काही नव्हते, आणि गंज काकूंकडे जायचा होता. वडील स्वतः त्यांच्या घरी गेले आणि एक सकाळ मागून आणली. काकूंनी ती दिली, पण आपले कोसे द्यायला नकार दिला; बाकी घरांनी थोडे थोडे दिले. सकाळी सगळ्या जमल्या. काकूही आल्या, रिकाम्या हाताने, आणि उंबऱ्यावरच बसल्या.

आत्या चुलीशी फुंकणी घेऊन, मी तिच्या समोर. फळी रिकामी होती. मला एकच सूचना होती: तिच्या तोंडाकडे बघायचे. उकळी फुटली आणि मी गाऊ लागले. पहिला नाला, दुसरा. लाकडे ओली होती. तिसऱ्याच्या अर्ध्यात तिने फुंकणी ओठांना लावली आणि मी शब्द तोडून थांबले. बाया माझ्याकडे पाहू लागल्या. एकीला वाटले मी विसरले, तिने पुढची ओळ सुचवली. आत्याने तिच्याकडे न बघता बोट वर केले. ती फुंकत होती, जाळ फरफरत होता, आणि घरात केवळ तेवढाच आवाज होता. फुंकणी खाली आली. मी उरलेला अर्धा शब्द उचलला.

असे कितीदा झाले कोण जाणे. गाणे शाळेतल्यासारखे सुरेख झाले नाही. ते जागोजागी अडखळणारे, दम खाणारे, चढावरच्या पायांसारखे गाणे होते. बाराव्या नाल्यापासून बायांना थांबण्याची जागा आपोआप कळू लागली. एकविसाव्याला माझा गळा सुकला होता आणि धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होते. आत्याने गंज उतरवला.

पहिला कोसा तिने कोणालाच दिला नाही. स्वतः उचलला, फुंकर मारली, टोक शोधले आणि मांडीवर धागा ओढला. तो आला. पिवळसर, ओला, केसाइतका बारीक, हातभर, दोन हात, न तुटता.

काकू उंबऱ्यावरून उठल्या आणि निघून गेल्या. आत्या धागा ओढतच राहिली, पण तिचा हात सावकाश झाला होता. थोड्या वेळाने दारात सावली पडली. काकू उरलेल्या कोशांची टोपली घेऊन उभ्या होत्या, कुठे ठेवू असे विचारायचे त्यांच्या ओठांवर होते आणि विचारवत नव्हते.

आत्याने मान वर केली आणि कुजबुजली. त्या ऐकायला खाली वाकल्या.

"बाजूले व्हा," ती म्हणाली. "उजेड अडून राह्यला."